धुक्यात अडकलेलं विमान

कागलमधून बोलतोय. मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एका पोराचा जबडा सुजला. ‘दाढेचं असंल’ म्हणण्यात पंधरा दिवस गेले. बायोप्सीत निघाला बर्किट लिम्फोमा. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, तिथं पंधरा दिवस म्हणजे लई झाले.

1957 साली युगांडात डेनिस बर्किट या सर्जनला अशीच जबडे सुजलेली पोरं दिसली. 1961 मध्ये लंडनला त्याचं भाषण ऐकताना अँथनी एपस्टाइनला वाटलं, यामागं विषाणू असणार. दोन वर्षं नमुने तपासले, हाती काहीच नाही. डिसेंबर 1963 मध्ये नमुन्याचं विमान धुक्यामुळं मँचेस्टरला उतरलं. उशिरा पोचलेल्या बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. जंतू झाले म्हणून कुणीही फेकलं असतं. (मी तर लॉग न वाचताच सर्व्हर रिस्टार्ट करणारा!) यानं थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर सुट्या, जिवंत पेशी तरंगतायत. त्याच वाढवल्या आणि 1964 मध्ये त्यांत विषाणू दिसला, एपस्टाइन-बार.

तो बहुतेकांच्या अंगात गप पडून असतो. भारतातल्या प्रत्येक बर्किटमध्ये सापडतोच असंही नाही.

उपचार मात्र केमोच. युगांडात काम केलेल्या इयान मॅग्राथनी 80च्या दशकात मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉ. सुरेश अडवाणींसोबत मुलांसाठी कमी मुदतीची, जोरकस केमो बसवली. एमसीपी-842 तिचं नाव.

आमच्या पोराला केमोआधीच सलाइन लावलं. गाठ इतक्या झपाट्यानं विरघळते, की किडनी तुंबते. चौथ्या दिवशी त्यानं आईकडं भाकरी मागितली.