मृत्युपत्र नसलेल्यांचा इतिहास

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत माझ्या महाविद्यालयातील पाच-सहा विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, पन्नासच्या आधीचा पुरावा कुठं मिळंल?" जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद लागतो. आजा-पणजा शाळेत गेला असेल तर शाळेच्या रजिस्टरात नोंद सापडते. नसेल तर गावच्या महसुली दप्तरात शिरावे लागते. १९५६ साली ज्या जातिव्यवस्थेवर आपण पाणी सोडले, तिच्यातीलच जुनी नोंद बौद्धाच्या नातवाने धुंडाळत हिंडायचे, असा हा विचित्र प्रसंग आहे. मी इतिहास शिकवतो, म्हणून मुले माझ्याकडे येतात. त्यांना वाट दाखवता दाखवता मी माझ्याच घराण्याचा माग काढू लागलो. हाती जे लागले ते सगळेच अभिमानाने सांगावे असे नाही. तरीही सांगणे भाग आहे.

घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणजे काय करायचे, हे आपल्याकडे सरदार-इनामदारांच्या घराण्यांनी ठरवून टाकले आहे. सनदा, महजर, वाटणीपत्रे, दत्तकपत्रे, मृत्युपत्रे. ज्याच्यापाशी मागे ठेवायला काही आहे, तोच मरताना कागद करतो. म्हणून घराण्यांचा इतिहास हा पुष्कळदा मालमत्तेचाच इतिहास असतो. जोतीराव फुल्यांनी १८८७ साली आपले मृत्युपत्र लिहून नोंदवले. पत्नी सावित्रीबाई आणि दत्तक पुत्र यशवंत यांची नावे त्यात आहेत. शूद्रातिशूद्रांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाचे मृत्युपत्र आज आपल्याला वाचता येते, ही मोठीच गोष्ट आहे. पण जोतीराव ठेकेदारी करणारे, घरदार असलेले गृहस्थ होते. ज्यांना ते आपल्या घरचा हौद खुला करीत होते, त्यांच्यापाशी मृत्युपत्रात लिहिण्याजोगे काय होते?

जोतीरावांचे नाव घेतले की आमचे नगर आठवते आणि नगरहून अमेरिका फार लांब राहत नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. तिथली मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. पुढे 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी १८७३ साली अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या अमेरिकेत, इंग्रजांच्या वसाहतींच्या काळापासून, घरचा कर्ता मेला की त्याचे मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी न्यायकचेरीत दाखल होत असे. गादी किती, कढई किती, गाय किती, सगळे किमतीसकट. या याद्यांवरून तिथले लोक आज आपली दहा-दहा पिढ्यांची वंशावळ मांडतात. पण त्याच याद्यांत, गाय आणि कढई यांच्या रांगेत, गुलाम माणसेही किमतीसकट लिहिलेली असत. १८५० आणि १८६० च्या तिथल्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रके केली गेली. त्यांत मालकाचे नाव आहे. गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग आहे. म्हणून आज एखाद्या काळ्या माणसाला आपली पणजी शोधायची असेल तर तिच्या मालकाचे मृत्युपत्र वाचावे लागते. मालकाच्या मरणाच्या कागदावर आपल्या माणसाच्या जगण्याचा पुरावा!

महाराची गुलाम म्हणून खरेदी-विक्री होत नव्हती, हा फरक मी विसरलेलो नाही. पण आमचे पूर्वज कुठे सापडतात, याचे उत्तर याच जातीचे आहे. ते सापडतात वतनाच्या दप्तरात, म्हणजे ज्या कागदाने त्यांना बांधले त्याच कागदात.

आमच्या गावच्या दुमाला जमिनीच्या जुन्या नोंदीत आमचे घराणे आहे. हाडोळ्याची जमीन, तिचा आकार, आणि तक्षीम दोन आणे आठ पै. रुपयाचे सहा वाटे केले की एकेका भावकीला एवढे येते. मोडी वाचून देणाऱ्या गृहस्थांनी माझ्या खापरपणज्याचे नाव मोठ्याने वाचले. शेवटी 'नाक' होते. कोरेगावच्या स्तंभावर ज्या नावांपुढे आपण १ जानेवारीला उभे राहतो त्यांच्याही शेवटी हाच 'नाक' आहे. मी ते नाव वहीत उतरवून घेतले आणि काही वेळ पुढे वाचता आले नाही. आमच्या घरात कुणालाच हे नाव ठाऊक नव्हते.

मात्र नाव सापडले म्हणून हुरळून जायचे कारण नाही. ते नाव तिथे आहे ते वेठीच्या हजेरीसाठी आहे. गावचा सारा तालुक्याला पोचवायचा, वर्दी द्यायची, मयताचा सांगावा न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे, लाकडे फोडायची. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानीत. सगळ्या गावाची शीव ज्याच्या तोंडच्या शब्दावर ठरे, त्याला स्वतःच्या जमिनीची विल्हेवाट लावण्याची मुभा नव्हती. १८७४ च्या वतन कायद्याने वतनाची जमीन त्याच वतनातील हिस्सेदाराबाहेर सरकारी मंजुरीवाचून विकता किंवा गहाण टाकता येत नव्हती. अशा माणसाने मृत्युपत्र करायचे तरी कशाचे? वारशाने बापाकडून मुलाकडे जात होती ती चाकरीच. जमीन तिच्यामागून येत होती.

बाबासाहेबांनी हे बरोबर ओळखले होते. बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांचा अभिमान आपले वाडवडील सांगत. बाबासाहेब त्या अभिमानाखाली दडलेली बेडी दाखवत होते. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, ज्याला चाकरी सोडायची आहे त्याला पूर्ण आकार भरून जमीन राखता यावी, अशी त्यातील मागणी होती. विरोध एवढा झाला की विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. तो १ फेब्रुवारी १९५९ पासून लागू झाला. तीस वर्षे गेली. त्या तीस वर्षांत किती माणसे वेठीत झिजली, याची नोंद कुठल्याच नमुन्यात नाही.

नव्या कायद्याने जमीन फेरवाटपाने परत मिळाली, पण फुकट नव्हे. आकाराच्या पटीत कब्जेहक्काची किंमत मुदतीत भरायची होती. मिळाली तीही नव्या शर्तीवर, परवानगीवाचून विकता येणार नाही अशी. आमच्या पणज्याने ती रक्कम भरल्याची फेरफार नोंद मी पाहिली. पैसा कुठून आला ते फेरफारात नाही. ते आजीने सांगितले. "माझ्या पायातली चांदीची कडी मोडली. लग्नात घातली हुती, चार-पाच वरसं बी झाली नव्हती." पावती पणज्याच्या नावाची, सातबारा पणज्याच्या नावाचा, आणि चांदी आजीच्या पायातली. त्या दिवशी मी दप्तर पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. यावेळी बायका शोधायला.

आणि बायका सापडेनात. १९३४ साली खापरपणजा वारला. वारस म्हणून तीन मुलांची नावे लागली. मुलींचे एकही नाही. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ते बरोबरच होते. १८८६ साली वतन कायद्याला जोड देऊन सरकारने ठरवले होते की शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर घराण्यातील कोणत्याही स्त्रीचा हक्क पुरुष वारसांच्या मागे राहील. परक्या सरकारने मनूला कायद्याच्या पुस्तकात जागा करून दिली, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. मीही झालो होतो.

पण पुढची नोंद १९६१ ची आहे. पणजा वारला. तेव्हा वतन गेलेले होते, परके सरकार गेलेले होते. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस केले होते आणि तो कायदा बौद्धांनाही लागू होता. घरात बाबासाहेबांची तसबीर लागली होती. तरीही वारस म्हणून लागली ती आजोबांची आणि त्यांच्या भावाची नावे. आजोबांना एक बहीण होती, ती कुठेच नाही. तलाठ्याला वारस कुणी सांगितले? आम्हीच सांगितले.

ही बहीण मला फक्त एका ठिकाणी सापडली. गाव नमुना चौदा म्हणजे कोतवाल बुक, त्यात बापाचे नाव, जात, आणि मुलाचे नाव लिहायच्या जागी एकच शब्द, 'मुलगी'. अमेरिकेतील त्या पत्रकांत मालकाचे नाव आणि खाली बिननावाची माणसे. इथे बापाचे नाव आणि खाली बिननावाची लेक. तिच्याविषयी बाकीचे आजीकडून कळले. बहात्तरच्या दुष्काळात ती दोन पोरे घेऊन माहेरी आली. रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पाऊस पडल्यावर परत गेली. "वावरात तिनं कधी पाय न्हाई ठिवला. म्हणायची, ते भावाचं हाय."

तिसरी नोंद १९९८ ची. आजोबा गेले. तोवर कायदा इतका पुढे गेला होता की मुलींची नावे टाळता आली नाहीत. आजी, तीन मुलगे, दोन मुली अशी सगळी नावे लागली. आणि लगेच पुढच्या फेरफाराने दोन्ही आत्यांची नावे गेली. कारण: हक्कसोड. तो दिवस मला आठवतो. मी आठ वर्षांचा होतो. थोरली आत्या तालुक्याहून आली तेव्हा तिच्या अंगठ्याला शाई होती आणि काखेत नवे लुगडे होते. घरात पुरणपोळी झाली. मला वाटले सण आहे.

१९३४ साली कायद्याने नाव गाळले, १९६१ साली आम्ही गाळले, १९९८ साली तिच्याच अंगठ्याने गाळून घेतले. आपण बावन्न हक्कांचा इतिहास सांगतो. बहिणीचा एक हक्क मात्र लुगड्यावर सोडवतो. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. मग त्या त्यागाचे आमच्या सातबारावर काय झाले, हे वर्गाला कुणी सांगायचे?

मी हे घरी काढले. वडील म्हणाले, "आपल्यात बहिणी मागतेत का कधी?" आत्याला विचारले तर ती म्हणाली, "मला वावर नको रं बाबा, मला माहेर पायजे." हे उत्तर ऐकून पुष्कळ भाऊ सुखावतात. पण ज्या माहेरासाठी हक्क सोडावा लागतो ते माहेर आहे की बलुते? सोडला नाही तर दार बंद होईल ही भीती तिच्या पोटात कुणी घातली?

ज्यांच्या घरी सनदा नाहीत त्यांनी आपला इतिहास शोधावा, तो महसूल दप्तरात आणि आजीच्या तोंडात मिळून सापडेल, एवढे मी माझ्या विद्यार्थ्यांना आता सांगतो. पण पुरावा मिळाला की वही मिटू नका, असेही सांगतो. त्याच पानावर आपल्या घरातील कोण नाही तेही पाहा. प्रस्थापितांनी आपल्याला इतिहासातून गाळले हा आपला आरोप खरा आहे. तो करणाऱ्याचे स्वतःचे वारसपत्रक स्वच्छ असले पाहिजे.

कार्तिकात वडिलांनी मला एक कोरा कागद आणायला सांगितला. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, हे मी त्यांना सांगितले. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. वंशावळीत त्यांनी आजीचे, दोन्ही आत्यांचे आणि आजोबांच्या बहिणीचे नाव घालायला लावले. तिचे नाव त्यांना आठवत होते. मुलांच्या बरोबरीने माझ्या बहिणीचा हिस्सा आहे. आत्यांच्या हिश्श्याचे काय, तिथे आम्ही दोघे अडलो. तेवढी ओळ मोकळी आहे आणि सही अजून झालेली नाही. दोघे काका पाडव्याला येतील तेव्हा बोलायचे ठरले आहे. यावेळी आत्यांनाही बोलावले आहे.

आमच्या घराण्यातील हे पहिले मृत्युपत्र. ती मोकळी ओळ भरल्याशिवाय त्याच्यावर सही होऊ नये, असे मला वाटते.