फूटबोर्ड

परवा भाच्याचा फोन आला. "आत्या, आजोबांचा फार्गो शेडमधून बाहेर काढलाय. हॉटेलच्या दारात उभा करणार. नवीन फूटबोर्ड टाकतो, चकाचक स्टीलचे. आणि रंग लालभडक. हायवेवरचे लोक थांबून फोटो काढतील बघ!"

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. जुन्या वस्तूला कुणी हात लावतो म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडतेच. मी म्हटलं, "अरे, मूळ रूप घालवू नकोस. आहे तसाच राहू दे."

तो म्हणाला, "मूळ म्हणजे कुठलं, आत्या?"

मला पटकन उत्तर देता येईना. नंतर चार दिवस तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या घरातली जी पोरं परदेशी बसून हे वाचतात, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६१ साली हा ट्रक जुना विकत घेतला. कोल्हापूरचा गूळ मुंबईला न्यायचा आणि येताना मिळेल तो माल भरून आणायचा, हा त्यांचा धंदा. घरात एकच ट्रक. तो रस्त्यावर असला की चूल पेटायची आणि गॅरेजमध्ये असला की आई गप्प गप्प असायची.

फार्गो हे नाव अमेरिकन. तिकडची क्रायस्लर कंपनी जवळजवळ तोच ट्रक डॉज आणि फार्गो अशा दोन नावांनी विकत असे. आमचा ट्रक मात्र कुर्ल्याचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि क्रायस्लरशी करार केला. मुंबईत मोटारी त्याआधीही तयार होत, पण त्या परदेशी कंपन्यांच्या आणि नुसत्या जोडलेल्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून तेच काम करत होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, की नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भाग इथेच बनवायची तयारी असेल तर राहा. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर हे धोरण पक्कं झालं आणि १९५४ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही इथलं दुकान आवरलं. त्याच वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ मध्ये तो करार संपला आणि ट्रकच्या नाकावरच्या चांदणीच्या जागी टाटांचा 'टी' आला. पण आमच्या लहानपणी रस्त्यावर डॉज, फार्गो, बेडफर्ड यांचीही गर्दी होती.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. कंपनी त्या काळी ट्रक द्यायची म्हणजे काय द्यायची? बहुतेक वेळा नुसती चॅसी. सांगाडा, इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढचं नाक. केबिन नाही, हौदा नाही. उघड्या चॅसीवर लाकडी खोकं ठेवून, त्यावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून ड्रायव्हर शेकडो मैल गाडी घेऊन यायचे. हे दृश्य माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिलेलं असेल. केबिन आणि हौदा बांधायचा गावातला सुतार. आमच्या ट्रकची केबिन कोल्हापुरात बांधलेली. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा आणि दोन्ही दारांखाली लाकडी फळ्यांचे फूटबोर्ड.

पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा अण्णांनी पेट्रोलचं इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. मद्रासला सिम्पसन कंपनी ही इंजिनं बनवत असे आणि तेव्हा कितीतरी ट्रकमालकांनी हाच बदल केला. म्हणजे बघा, नाव अमेरिकन, चॅसी कुर्ल्याची, केबिन कोल्हापूरची, इंजिन मद्रासचं! मूळ रूप म्हणून मी कशाला जपायला सांगत होते?

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. त्यात गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, अशी अट आहे. शिवाय ती खासगी वापराची हवी. जन्मभर मालाची ओझी वाहिलेला ट्रक त्यात कुठे बसणार?

रंगाचंही तसंच. भाच्याने दाराचा पत्रा पॉलिश पेपरने घासला आणि मला फोटो पाठवला. वर तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली लाल, पुन्हा हिरवा आणि तळाशी निळा. अण्णा दर दोन-तीन वर्षांनी दसऱ्याच्या आधी ट्रक रंगवून घ्यायचे. खंडेनवमीला पूजेला उभा करायचा तर नवरा मुलासारखा दिसायला हवा! तपकिरी रंग मात्र हौसेचा नव्हे. १९७५ मध्ये नॅशनल परमिटची योजना आली आणि पुढे अशा ट्रकांना वाळक्या पानासारखा तपकिरी रंग लावण्याचा नियम झाला.

गंमत म्हणजे आपल्याकडचे गॅरेजवाले रंगाच्या फवारणीला 'ड्युको मारणे' म्हणतात, ते नावही एका अमेरिकन रंगाचं आहे. सुरुवातीच्या मोटारींना हाताने रंग आणि व्हार्निशचे थर देत. तो रंग वाळायला दिवसच्या दिवस लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून जवळजवळ बारा वर्षं फक्त काळ्या रंगात मिळायची. ड्यूपाँ कंपनीने ड्युको हा झटपट वाळणारा रंग काढला आणि १९२४ साली ओकलंड नावाच्या मोटारींना तो निळ्या रंगात लावला गेला. त्यानंतर रंगीत गाड्या स्वस्तात रस्त्यावर आल्या. आमच्या ट्रकच्या नशिबी ड्युको नव्हता. डबा, ब्रश आणि ऑइलपेंट. पेंटर दोन दिवस मुक्कामाला असायचा. शेवटी मागच्या फळीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचा, की झालं काम. (२०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने त्या तीन शब्दांवर बंदी घातली, कारण लोक उगाच हॉर्न वाजवतात!)

राहिले फूटबोर्ड. इंग्रजीत याला रनिंग बोर्ड म्हणतात. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्या उंच. चढायला पायरी हवी, म्हणून पुढच्या मडगार्डपासून मागच्या मडगार्डपर्यंत लांब फळी आली. चाकांचा चिखलही ती अडवायची आणि तिच्यावर हत्यारांची पेटी ठेवता यायची. १९३० नंतरच्या दशकात मोटारी रुंद आणि बुटक्या होत गेल्या, तशी फळी नाहीशी व्हायला लागली. १९३६ ची अमेरिकन कॉर्ड ८१० तिच्याशिवायच बाजारात आली. फोक्सवॅगनच्या बीटलने मात्र २००३ पर्यंत, मेक्सिकोतला शेवटचा नग निघेपर्यंत, तिची आठवण ठेवली. ट्रक उंचच राहिले, त्यामुळे त्यांची पायरीही राहिली.

पण आमच्या ट्रकची डावीकडची फळी नुसती पायरी नव्हती. ती क्लीनरची जागा होती.

आता जे लिहिते आहे ते दादाला कदाचित आवडणार नाही. तरी लिहिते.

मी शाळेत असताना आमच्याकडे क्लीनर म्हणून एक मुलगा होता. माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा असेल. सगळे त्याला 'पोऱ्या' म्हणायचे. रेडिएटरला पाणी, टायरवर गज आपटून हवा बघणं, ताडपत्री, दोर, सगळं त्याच्याकडे. घाटात गाडी जड झाली, की तो डाव्या दाराबाहेर त्या फळीवर उभा राहायचा. एका हाताने दार धरलेलं, दुसऱ्या हातात लाकडी ठोकळा. इंजिनाने दम टाकला आणि गाडी मागे यायला लागली, की उडी मारायची आणि मागच्या चाकाखाली ठोकळा सरकवायचा. कात्रज, खंबाटकी, बोरघाट, प्रत्येक खेपेला.

१९६६ च्या पावसाळ्यात खंबाटकीत फळी ओली होती. उडी मारताना त्याचा पाय सटकला आणि चाक पायावरून गेलं. अण्णांनी त्याला साताऱ्याला दवाखान्यात नेलं, बिल भरलं. नंतर त्याच्या वडिलांना बोलावून काही पैसे दिले आणि त्याला गावी पाठवून दिलं. पाऊल अधू झालं ते कायमचं. पंधरा दिवसांत दुसरा मुलगा कामावर आला. अण्णांनी दोन्ही फळ्यांवर उंचवट्यांचा जाड पत्रा, गॅरेजवाले ज्याला चेकर प्लेट म्हणतात तो, ठोकून घेतला. त्या दसऱ्याला ट्रकला नवा हिरवा रंग लागला. मी कॉलेजला गेले, बीए झाले, शिक्षिका झाले. त्या मुलाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

अण्णा दुष्ट नव्हते. त्या काळच्या मानाने त्यांनी बरंच केलं, असं आम्ही म्हणत आलो. पण १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा तेव्हाही होता आणि मोटारीवर काम करणारा माणूस त्यात बसत होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात तर 'क्लीनर' हा शब्दच होता. फक्त तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता आणि आमच्याकडे होते दोन. नुकसानभरपाई हा त्या मुलाचा हक्क होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. मला ते कळलं तेव्हा मी नोकरीत होते, आणि तेव्हाही मी काही केलं नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १२३ वं कलम म्हणतं, की कुणालाही रनिंग बोर्डवर उभं करून गाडी चालवायची नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तर नव्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. वाचून बरं वाटलं.

काल भाच्याने डावीकडचा पत्रा काढला. खाली जुनी फळी तशीच आहे, दाराच्या मागच्या अंगाला चांगली खोलगट झालेली. फोटो बघून मी बराच वेळ काही बोलले नाही. मग त्याला सगळं सांगितलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. कसं असणार? आम्ही सांगितलंच नव्हतं.

आमचं असं ठरलंय. ट्रक रंगवायचा, माझी हरकत नाही. पण लाल नको, तळाशी सापडलेला निळा. उजवीकडे नवा फूटबोर्ड टाकायचा, मात्र चकचकीत स्टीलचा नाही. हॉटेलात येणारी पोरं चढणार, फोटो काढणार, तेव्हा पाय न सटकणारी चेकर प्लेटच हवी. डावीकडची जुनी फळी तशीच ठेवायची, तिच्यावर कुणी चढायचं नाही. आणि दारावर अण्णांच्या नावाखाली त्या मुलाचंही नाव लिहायचं.

अडचण एवढीच, की नाव कुणालाच आठवत नाही. दादाला नाही, मला नाही. गाव कागलच्या बाजूचं होतं, एवढंच नक्की. नात्यातल्या जुन्या मंडळींपैकी कुणाला आठवत असेल, तर कृपा करून मला कळवा. पेंटर पुढच्या महिन्यात येतोय.