अर्ध्यातून पूर्ण

धंतोली-रामदासपेठेतल्या 'टेस्ट ट्यूब बेबी सेंटर'च्या पाट्या मोजणं मी केव्हाच सोडलंय. आपल्याकडे या पाट्यांची कहाणी ६ ऑगस्ट १९८६ पासून, परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली तिथून सुरू करतात. मला तिच्या मागचा उंदीर जास्त खुणावतो.

१८८८ मध्ये विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी तापल्या सुईने मारली. उरलेलीतून अर्धाच गर्भ झाला. १८९१ मध्ये हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिनच्या पेशी हलवून सुट्या केल्या, तर एकेकीतून लहान पण अख्खी अळी. रू यांनी मेलेली पेशी चिकटलेलीच ठेवली होती, घोळ तिथे होता.

उंदराचा गर्भ मुळात शरीराबाहेर जगवायचा कसा? १९५६ मध्ये व्हिटन यांनी क्षार, ग्लुकोज आणि अल्ब्युमिनच्या द्रावणात तो वाढवला. दोन वर्षांनी ॲन मॅकलॅरन आणि जॉन बिगर्स यांनी असा बशीतला गर्भ मादीत सोडला आणि पिल्लं जन्मली. मग १९५९ मध्ये पोलंडच्या आंद्रे तारकोव्स्की यांनी रू यांचाच प्रयोग उंदरावर केला. एक पेशी नष्ट, दुसरी दाई-मादीच्या पोटात. पिल्लू धडधाकट! माझ्या धंद्यात अर्धा कोड उडवला तर उरलेला चालत नाही, म्हणून हे वाचून मी थबकलो.

पण ही ताकद फार टिकत नाही. १९६७ मध्ये तारकोव्स्की आणि व्रुब्लेव्स्का यांनी आठातली एकेक पेशी एकटी वाढवली, तेव्हा बहुधा नुसती पोकळ पिशवी झाली. पोकळी धरायची वेळ ठरलेली असते, ती पेशींच्या संख्येसाठी थांबत नाही. पेशी थोड्या असल्या की सगळ्या बाहेरच राहतात, आत कोणीच उरत नाही. आणि बाहेरच्यांची वार होते, बाळ आतल्यांचं.

१९९० मध्ये लंडनला हँडीसाइड यांच्या चमूने माणसाच्या गर्भातली एक पेशी काढून लिंग तपासलं, कारण त्या कुटुंबांतला आजार मुलग्यांना होणारा होता. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा त्याआधी दोन वर्षं, १९८८ मध्येच केला होता, आणि तोही पोटातल्या गर्भापुरता. बशीतली लिंगनिवड देशाच्या कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने आली. आता तपासणीसाठी पेशी बहुधा पाचव्या दिवशी काढतात, त्याही बाहेरच्या थरातल्या. आतल्या पुंजक्याला हात लावत नाहीत.