घरचा आजारी : औषधाचा अतिरेक आणि लसीची वानवा

अंथरुणास खिळलेल्या रुग्णापुढे दोन परस्परविरुद्ध धोके असतात. हाताशी असलेले औषध त्याच्या पोटात प्रमाणाबाहेर जाऊ शकते, तर आवश्यक ती लस त्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. ताप व अंगदुखीवरील हे औषध योग्य मात्रेत सुरक्षित आहे. प्रौढांसाठी चोवीस तासांतील कमाल मर्यादा सामान्यतः ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ किंवा ६५० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या, इतकी मानली जाते. कृश वृद्ध, यकृताचे रुग्ण व नित्य मद्यपान करणारे यांच्यासाठी ती कमी असू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही नावे निराळी, परंतु औषध एकच. सर्दीच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही ते असते. त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा घेतली जाते. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी रुग्ण ठीक दिसतो. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, गोळ्यांची पाकिटे सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

लसीची कथा उलट आहे. भारतात कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले आणि १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिकांस खुले झाले. मात्र लस केंद्रावर जाऊनच घ्यावी लागे. अंथरुणावरील रुग्णांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जुलैअखेर मुंबई महापालिकेने त्यांना घरी लस देण्यास आरंभ केला, तर सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनेही तशी मुभा दिली. ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांची पाळी शेवटी आली. आजही इन्फ्लुएंझा व न्यूमोनियावरील लसी वृद्धांना बहुधा पदरमोड करूनच घ्याव्या लागतात.

व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने डिसेंबर २०२० मधील निवेदनात परिणामकारक व सुरक्षित लस गरीब देशांनाही उपलब्ध व्हावी, हे नैतिक कर्तव्य असल्याचे म्हटले होते. हाच न्याय आपल्या धर्मग्रामातील गरीब आजाऱ्यासही लागू होतो.

आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणाऱ्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : दिवसभरात कोणत्या गोळ्या, किती, आणि कोणाच्या देखरेखीखाली घेतल्या जातात? डॉक्टरांनी सुचविलेली एखादी लस पैशाअभावी वा वाहनाअभावी राहिली आहे काय? उत्तर मिळाल्यावर पुढची व्यवस्था करणे, ही धर्मग्रामाची जबाबदारी होय.