दक्षिण महाराष्ट्रातील वृद्ध रुग्ण आणि कर्करोगोपचार : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कर्करोगाचा इतिहास बहुधा औषधांचा, यंत्रांचा आणि नामवंत संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यात रुग्ण असतो, पण त्याचे वय क्वचितच असते. वास्तविक पाहता बहुतेक प्रकारच्या कर्करोगांचा धोका वयाबरोबर वाढत जातो. असे असूनही वृद्ध रुग्ण हा कर्करोगोपचाराचा स्वतंत्र विषय जगातही विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि भारतात तर त्यानंतरच झाला. ही दिरंगाई का झाली आणि कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांतील वृद्धांच्या वाट्याला त्यामुळे काय आले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. दोहोंची शेती, स्थलांतराची परंपरा आणि मुंबईशी असलेले नाते यांत मोठे साम्य आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सातारा-सांगली परिसरातील वृद्धांना उपलब्ध झालेल्या कर्करोगोपचाराच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२) वैद्यकीय संशोधनातील वयोमर्यादांचा वृद्ध रुग्णांवर झालेला परिणाम तपासणे.
३) वृद्धांच्या कर्करोगोपचाराच्या नव्या शास्त्राची या जिल्ह्यांच्या संदर्भातील उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.

वृद्धांचे जिल्हे :

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. प्लेग, पटकी, हिवताप, क्षय आणि बाळंतपणातील मृत्यू यांनी ग्रासलेल्या समाजात म्हातारपणीचा कर्करोग हा सार्वजनिक प्रश्न होऊ शकत नव्हता. आयुर्मान वाढले तसे हे चित्र बदलले. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते.

सातारा आणि सांगलीत या बदलास स्थलांतराची जोड मिळाली. गिरणी, गोदी आणि माथाडी कामासाठी येथील तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईस गेले. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. साताऱ्याची वाढ मात्र ७ टक्क्यांच्या आत आणि सांगलीची ९ टक्क्यांच्या आसपास राहिली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण राज्यात ९२९ असताना सांगलीत ९६६ आणि साताऱ्यात ९८८ होते. कमावते पुरुष बाहेर आणि वृद्ध गावात, हे या आकड्यांमागील एक प्रमुख वास्तव आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक कामगार गावी परतले. कापसाच्या धुळीत आणि तंबाखूच्या सवयीत आयुष्य घालवलेली ही पिढी पुढे गावातच म्हातारी झाली. घरोघरच्या वृद्ध स्त्रियांमध्ये मिश्री लावण्याची सवय होतीच. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात घासण्यासाठी म्हणून तोंडात जाई; तिच्याकडे व्यसन म्हणून कोणी पाहत नसे.

मिरजेचा वारसा आणि परळची वाट :

या भागातील आधुनिक वैद्यकाचा प्रारंभ मिरजेशी निगडित आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. सांगलीतील आरंभीच्या दवाखान्यानंतर १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. रेल्वे जंक्शनमुळे दूरदूरचे रुग्ण तेथे पोहोचू शकत. हे रुग्णालय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी विशेष नावाजले. मोतीबिंदू हा प्रामुख्याने उतारवयाचा विकार असल्याने या घटनेला निराळे महत्त्व आहे. शस्त्रक्रियेने म्हातारपणीचे अंधत्व दूर होऊ शकते, वय हे उपचार नाकारण्याचे कारण नव्हे, हा अनुभव या मुलखाने फार पूर्वी घेतला होता. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८४ मध्ये कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे रोगनिदानाची सोय जिल्ह्यांच्या जवळ आली.

कर्करोगाच्या पूर्ण उपचारासाठी मात्र दीर्घकाळ एकच पत्ता सर्वतोमुखी होता, तो म्हणजे परळचे 'टाटा'. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मृतीशी निगडित असलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले.

हे रुग्णालय गिरणगावात उभे राहिले ही बाब सातारा-सांगलीकरांच्या दृष्टीने निर्णायक ठरली. परळ-लालबागच्या चाळींत त्यांचे भाऊबंद राहत होते. गावाकडच्या आजोबांना 'टाटाला दाखवायचे' तर चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांची पथारी पडे. ज्यांना असा आसरा नव्हता त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा होती. साताऱ्यापासून मुंबई सुमारे २५० किलोमीटर, सांगलीपासून त्याहून बरीच लांब. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. केमोथेरपी दर काही आठवड्यांनी द्यावी लागते. तरुण रुग्णासाठी घर हा खर्च आणि ही दगदग सोसत असे. सत्तरीच्या रुग्णाबाबत मात्र 'पिकले पान' म्हणून निर्णय अनेकदा घरीच होई. हा निर्णय निष्ठुरपणाचा होता असे सरसकट म्हणता येणार नाही. अंतर, खर्च आणि सोबत जाणाऱ्याची बुडणारी मजुरी यांचा तो हिशोब होता. या हिशोबात वृद्धाचे स्वतःचे मत विचारले जाण्याची शक्यता सर्वांत कमी असे. कित्येकदा त्यास रोगाचे नावही सांगितले जात नसे.

ज्ञानातील वयोमर्यादा :

घरातील हिशोबात वृद्ध मागे पडले, तसे ते संशोधनातही मागे पडले. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागातील अशी पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. ग्रामीण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण किती मोठे आहे, हे या नोंदणीने दाखवून दिले. त्या अनुभवाच्या पायावर तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठी चाचणी झाली. १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने प्रगत अवस्थेतील कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे आढळले. जागतिक आरोग्यधोरणावर परिणाम करणारे हे संशोधन महाराष्ट्राच्या खेड्यांतून झाले, ही अभिमानाची बाब आहे.

या चाचणीतील स्त्रियांचे वय ३० ते ५९ होते. तपासणीसाठी अशी मर्यादा घालण्यास शास्त्रीय कारणे आहेत, कारण लवकर सापडलेल्या दोषाचा लाभ पुढील अनेक वर्षे मिळावा हा तिचा हेतू असतो. तथापि ज्या स्त्रीची तपासणी साठीपूर्वी कधी झालीच नाही, ती यामुळे कायमची बाहेर राहते. सातारा-सांगलीतील आजच्या वृद्ध स्त्रियांची पिढी बव्हंशी अशीच आहे.

पाश्चात्त्य जगातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार कर्करोगाच्या रुग्णांपैकी ६३ टक्के ६५ वर्षे वा त्यावरील होते. औषधचाचण्यांतील त्यांचा वाटा मात्र केवळ २५ टक्के होता. याचा अर्थ, औषधाची मात्रा तुलनेने तरुण शरीरावर ठरत होती आणि ती घेणारे शरीर वृद्ध होते. परिणामी डॉक्टरांपुढे दोनच वाटा उरत : भीतीपोटी उपचार टाळणे किंवा तरुणाची मात्रा वृद्धास देणे. पहिलीत बरा होऊ शकणारा रुग्ण गमावला जाई, दुसरीत औषधानेच रुग्ण खचत असे.

मेडिकल ऑन्कोलॉजिस्टची नवी भूमिका :

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्या जोडीला औषधोपचार ही कर्करोगाची स्वतंत्र शाखा म्हणून उशिरा स्थिरावली. औषधाने कर्करोगावर उपचार करणारा तज्ज्ञ, म्हणजे मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, घडवणारा डी.एम. अभ्यासक्रम भारतात प्रथम चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये १९८४ मध्ये सुरू झाला. वृद्ध रुग्णाबाबतचा सर्वांत अवघड प्रश्न याच तज्ज्ञापुढे येतो : हे औषध या शरीरास सोसेल काय?

या प्रश्नाचे उत्तर जन्मतारखेत नाही, हे नव्या शास्त्राचे मूळ सूत्र आहे. भारतीय वंशाच्या अमेरिकन तज्ज्ञ डॉ. आरती हुरिया यांनी ६५ वर्षांवरील ५०० रुग्णांचा अभ्यास करून २०११ मध्ये केमोथेरपीच्या दुष्परिणामांचा अंदाज बांधणारी गुणपद्धती मांडली. त्या अभ्यासात ५३ टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले होते. गेल्या सहा महिन्यांत रुग्ण पडला होता काय, त्यास नीट ऐकू येते काय, गोळ्या घेण्यास मदत लागते काय, असे साधे प्रश्न या पद्धतीत आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७० वर्षांवरील ७१८ रुग्णांच्या चाचणीत अशा सर्वांगीण मूल्यमापनाची माहिती डॉक्टरांना दिल्यावर गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण ७१ वरून ५१ टक्क्यांवर आले. उपचार सौम्य केल्याने आयुष्य घटल्याचे दिसले नाही, हे विशेष.

टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१८ मध्ये वृद्ध कर्करोगरुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. रुग्णाची दैनंदिन कामांची क्षमता, पोषण, स्मृती, मनःस्थिती, इतर आजार, चालू औषधे आणि घरचा आधार यांचा तेथे एकत्रित विचार होतो. ज्या नगरीत आजोबांच्या उपचाराचा निर्णय कधी चाळीतील खोलीत होत असे, तेथेच तो आता मोजमापाच्या आधारे होऊ लागला.

मोजपट्टीचा प्रश्न :

ही मोजपट्टी जशीच्या तशी कृष्णाकाठी लागू पडेल काय, हा विचारणीय मुद्दा आहे. स्वयंपाक, कपडे धुणे, बाजारहाट, पैशांचे व्यवहार आणि दूरध्वनीचा वापर यांवरून स्वावलंबन मोजण्याची पद्धत १९६९ मध्ये अमेरिकेत तयार झाली. माण किंवा जत तालुक्यातील ७५ वर्षांच्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी स्वयंपाक केलेला नसतो. म्हणून तो असमर्थ ठरत नाही. त्याची पत्नी बँकेत कधी गेलेली नसते; म्हणून तिची बुद्धी मंद ठरत नाही. स्मृती तपासण्यासाठी घड्याळाचे चित्र काढण्यास सांगितले, तर निरक्षर वृद्धेची परीक्षा स्मृतीची न होता शिक्षणाची होते. याउलट जनावरांना वैरण घालणे, विहिरीपर्यंत चालत जाणे, एकादशीचा दिवस ध्यानात ठेवणे, नातवंडांची नावे क्रमाने सांगणे ही येथील क्षमतेची खरी लक्षणे ठरू शकतील. समाजशास्त्र, मराठी आणि वैद्यक या शाखांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे.

पैसा आणि अंतर :

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सातारा व सांगली त्यांत नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाल्यावर या जिल्ह्यांतील पात्र कुटुंबांना लाभ मिळू लागला. पुढे तीस महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण मिळाले. वय हे उपचार टाळण्याचे कारण होते, ते प्रथमच हक्काचा आधार झाले. प्रवास, सोबत्याची मजुरी आणि घरची शुश्रूषा यांचा भार मात्र बव्हंशी कुटुंबावरच राहतो. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. ती प्रत्यक्षात आल्यास वृद्धांचा प्रवास वाचेल.

सर्वच वृद्धांना पूर्ण उपचार द्यावेत असा याचा अर्थ नाही. काहींसाठी वेदनामुक्ती हाच योग्य उपचार असतो. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सुरू झालेले परिहार सेवा केंद्र आणि २०१२ चे राज्याचे परिहार सेवा धोरण या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मात्र 'आता काही करू नये' हा निर्णय मूल्यमापनानंतर आणि रुग्णास विचारून झाला तरच तो उपचार ठरतो. अन्यथा ती उपेक्षा होय.

निष्कर्ष :

१) सातारा-सांगलीतील वृद्धांच्या कर्करोगोपचाराची दिशा दीर्घकाळ रोगाच्या स्वरूपापेक्षा अंतर, खर्च आणि मुंबईतील आसरा यांनी ठरवली.
२) तपासणी व औषधचाचण्यांतील वयोमर्यादांमुळे वृद्धांविषयीचे ज्ञानच अपुरे राहिले आणि त्याची परिणती उपेक्षेत किंवा अतिउपचारात झाली.
३) क्षमतेवर आधारित मूल्यमापन हा यावरील शास्त्रीय मार्ग आहे, तथापि त्याची मोजपट्टी स्थानिक जीवनाशी जुळवून घेणे आवश्यक आहे.
४) आर्थिक संरक्षणाबरोबर जिल्हापातळीवर उपचार व परिहार सेवा उपलब्ध होणे गरजेचे आहे.

समारोप :

मिरजेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून घेणाऱ्या वृद्धास कोणी 'आता पाहून काय करणार' असे विचारून परत पाठवले नाही. कर्करोगाच्या बाबतीत ती दृष्टी येण्यास दीर्घकाळ लागला. साधने आज उपलब्ध होत आहेत. खाटेवरील वृद्धास त्याच्या रोगाचे नाव सांगून, त्याची शक्ती पाहून आणि त्याची इच्छा विचारून निर्णय घेणे, एवढी एक सवय समाजाने आणि वैद्यकाने मिळून लावून घ्यावयाची आहे.