चतुर्थीला पाळी लांबवणारी गोळी: घेण्याआधी हे माहीत हवं

गणपती जवळ आले की सिंधुदुर्गात घराघरांत रंगकाम, साफसफाई सुरू होते आणि मुंबईचे चाकरमानी गावाकडे निघतात. त्याच वेळी अनेक घरांतल्या बायका कॅलेंडरवर आपली तारीख मोजत असतात. ‘अडचण’ ऐन चतुर्थीत आली तर नैवेद्य कोण करणार? नव्या सुनेचा गौरीपुढचा पहिला ओवसा कसा होणार? यावर सर्रास निघणारा तोडगा म्हणजे पाळी पुढे ढकलणारी गोळी.

‘कावळा शिवणं’ म्हणजे काय?

पाळी आलेल्या बाईने पूर्वी चार दिवस वेगळं बसायचं. चटई वेगळी, ताट वेगळं. स्वयंपाकघर, देवघर आणि लोणच्याची बरणी यांना हात लावायचा नाही. याला ‘कावळा शिवला’ किंवा ‘बाहेरची झाली’ म्हणतात. वेगळं बसणं आता बऱ्याच घरांतून गेलं, पण देवाचं सोवळं टिकून आहे. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे बाजूला राहिलेल्या बाईची पाळी सगळ्यांना कळते.

गोळी काय करते?

शरीरातलं प्रोजेस्टेरॉन कमी झालं की गर्भाशयाचं अस्तर गळतं, तीच पाळी. नोरएथिस्टेरॉन हे औषध त्याच हार्मोनसारखं काम करून अस्तर टिकवून धरतं. ते साधारणपणे पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते.

गणपती कुणाकडे दीड दिवसाचा, कुणाकडे पाच, सात, अकरा, तर कुणाकडे एकवीस दिवसांचा असतो. गोळीचे दिवसही त्या हिशोबाने वाढवले जातात, आणि खरा धोका इथेच आहे. किती दिवस घ्यायची हे घरच्या गणपतीने नाही, डॉक्टरने ठरवायचं असतं.

कुणी घेऊ नये?

- रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असलेल्यांनी
- यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांनी
- कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेल्यांनी
- गरोदर असलेल्या किंवा तशी शंका असलेल्यांनी

मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणं हे त्रास होऊ शकतात. एकाच पायाची पोटरी सुजली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. या गोळीने गर्भ राहणं टळत नाही, हेही लक्षात ठेवा. गोळी थांबवूनही पाळी आली नाही तर गर्भचाचणी करून घ्या.

पण वेगळं बसल्याने विश्रांती मिळायची ना?

मिळायची. शेत, पाणी, चूल यांतून चार दिवस सुटका व्हायची. पण विश्रांतीसाठी विटाळ मानायची गरज नाही. उलट लपवालपवीमुळे कापड उन्हाऐवजी अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातलं जातं. कोकणातल्या पावसाळ्यात ते धड सुकत नाही आणि त्यातून संसर्गाची भीती वाढते.

जास्त रक्तस्रावही ‘बाईला होतंच’ म्हणून अंगावर काढला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषांमध्ये हे प्रमाण 21.9 टक्के होतं. अपुरा आहार आणि सगळ्यांनंतर जेवणं ही कारणं आहेतच, पण न सांगितलेला रक्तस्रावही त्यात भर घालतो.

मग करायचं काय?

गोळी हवीच असेल तर मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, आधी डॉक्टरांना भेटा. आणि घरात एकदा विचारून पाहा: नैवेद्य दुसऱ्या कुणी रांधला तर चालणार नाही का?