खुर्ची जप्त होते, माणूस नाही

परवा बाबांशी फोनवर बोलताना पवनीकडचा विषय निघाला. भूसंपादनाचे वाढीव पैसे दिले नाहीत म्हणून साहेबांची खुर्ची जप्त करायला बेलिफ आला, ही बातमी आपल्याकडे अधूनमधून छापून येतेच. बाबा म्हणाले, "खुर्ची नेतात, पण साहेबाचा पगार तर चालूच राहतो ना!"

हसलो, पण वाक्य डोक्यातून जाईना.

२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसीखुर्दचं भूमिपूजन केलं. पुढे वैनगंगेच्या काठची गावं आणि शेती धरणात गेली. तेव्हा कायदा होता १८९४ चा, इंग्रजांचा. मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली कोर्टात जायचं. जिंकलात तर वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ आणि नंतर १५ टक्के व्याज. म्हणजे साहेबाने फाईल दाबली किंवा उगाच अपील केलं, की १५ टक्क्यांचं मीटर चालूच! ते भरणार तिजोरी. आणि तिजोरीत पैसा कुणाचा? त्याच शेतकऱ्याने काडेपेटीपासून डिझेलपर्यंत भरलेल्या कराचा. जिंकलेल्याने आपलंच बिल भरायचं, असा हा प्रकार.

हे कोर्टाला दिसलं नाही असं नाही. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नागरिकाला छळल्याची भरपाई आधी सरकारी पैशातून द्या, मग जबाबदार माणसं शोधून त्यांच्याकडून वसूल करा. किती सरळ!

पण १७ वर्षांनी आपल्या विदर्भातलंच प्रकरण बघा. खामगावकडे एका आमदाराच्या सावकार वडिलांविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्या नोंदवण्यात २००६ साली मुख्यमंत्री विलासराव देशमुखांच्या कार्यालयातून ढवळाढवळ झाली. डिसेंबर २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ताशेरे ओढले आणि हायकोर्टाने लावलेला २५ हजारांचा खर्च १० लाखांवर नेला. पण तो लावला महाराष्ट्र सरकारवर. चूक एका कार्यालयाची, आणि बिल तुमच्या-माझ्या नावावर.

आता दुसरी बाजू. प्रत्येक हरलेल्या खटल्याचा खर्च साहेबाच्या खिशातून काढला तर कुणी सही करायलाच धजणार नाही. आजही निकाल मान्य केला तर चौकशीची भीती, अपील केलं तर कुणी विचारत नाही. २०२० साली सुप्रीम कोर्टाने यावरच बोट ठेवलं. मध्य प्रदेश सरकारचं एक अपील ६६३ दिवस उशिरा आलं होतं. कोर्ट म्हणालं, असली अपिलं फेटाळल्याचं 'सर्टिफिकेट' मिळवण्यासाठीच करतात. २५ हजारांचा खर्च लावला, आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला.

मला वाटतं मेख इथेच आहे. प्रामाणिक चुकीला शिक्षा नको. पण "अपील करा" हा शेरा कुणी मारला, ६६३ दिवस फाईल कुणाच्या टेबलावर होती, हे नाव निकालात यावं. रक्कम लहान असली तरी चालेल.

१८९४ चा कायदा २०१४ च्या १ जानेवारीला गेला, नवा आला. सरकारी खुर्ची मात्र तीच आहे, बिननावाची.

असो. तुमच्याकडे असा कुणाचा अनुभव असेल तर जरूर कळवा. बाबांनाही वाचून दाखवीन.